हात लागेल तो

आमच्या कोगाउरात चेअरमन इवाकिरींना गप्प करायची ताकद एकाच वस्तूत आहे: हात्सुमी मावशीच्या वस्तऱ्यात. चेअरमन म्हणजे मासेमारी सोसायटीचे. वय चौऱ्याहत्तर. बोलायच्या आधी दातांतून 'स्सऽऽ' करून वारा आत ओढतात, मग "म्हणजे कसं आहे" म्हणतात, आणि मग कसं आहे ते अर्धा तास सांगत बसतात. पण दर पंधरा दिवसांनी ते मावशीच्या खुर्चीत आडवे होतात, मावशी त्यांच्या तोंडाला फेस फासते आणि गावाला वीस मिनिटं शांतता लाभते.

हात्सुमी मावशी माझी नात्याने कोणी नाही, ती गावाचीच मावशी. वय एकसष्ट, खांदे रुंद, आवाज बंदरावरच्या भोंग्याला लाजवणारा. तिच्या हजामतीच्या दुकानावर उघडण्याची वेळ लिहिलेली नाही. नुसती पाटी आहे: 'भरती लागली की उघडेल.' कारण ओहोटी असेपर्यंत मावशी किनाऱ्यावर असते. गिऱ्हाइकं बाहेरच्या बाकावर बसून तिच्या नावाने बोटं मोडतात, पण दुसरं दुकान पुढच्या गावात आहे आणि तिथला न्हावी कानामागे केस ठेवतो.

किनाऱ्यावर ती चालते आणि वाहून आलेलं उचलते. उचलण्याआधी त्या वस्तूपुढे हात जोडून विचारते, "आलास? लांबून आलास ना?" मग पिशवीत. आरशाखाली, कंगव्यांच्या बरणीशेजारी, ही सगळी पाहुणेमंडळी बसवलेली आहेत. मासेमारांच्या जाळ्यातला काचेचा हिरवा गोळा, कोरियन अक्षरांची बाटली, कागदासारखं पातळ पांढरं शिंपलं, डोळे पुसून गेलेलं प्लास्टिकचं बदक. आणि एक दिव्याचा बल्ब. तो तिचा लाडका.

"एवढ्या लाटांतून आला आणि फुटला नाही," ती खुर्चीतल्या प्रत्येकाला सांगते. "आणि तुम्ही मला विचारता देव कुठे आहे!"

कोणीही विचारलेलं नसतं.

हिरव्या गोळ्याची गोष्ट मात्र गावाला पाठ आहे. तीस वर्षांपूर्वी मावशी नवऱ्याला सोडून ओसाकाहून परत आली. बसमधून उतरली ती घरी न जाता आधी किनाऱ्यावर गेली. तिथे हा गोळा पडला होता. तो काखेत मारून ती बापाच्या दारात उभी राहिली. बाप म्हणजे त्सुनेकिची आजोबा, तेव्हा गावातले सगळ्यात तापट नावाडी.

"एकटीच?" आजोबा म्हणाले.

"हा आहे की बरोबर."

आजोबांनी गोळ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. "समुद्रातून आलेल्याला परत पाठवायची आपल्यात रीत नाही. ये आत. पाय धू."

खरंच नाही. आमचा देवसुद्धा तसाच आलेला असतो. एबिसू हा मासेमारांचा हसरा देव. इतर गावांत त्याची मूर्ती असते, आमच्याकडे दगड आहे आणि तो दर वर्षी नवा. ऑक्टोबरच्या वीस तारखेला एक तरुण कोऱ्या टॉवेलने डोळे बांधून टोकाच्या खडकावरून बुडी मारतो. तळाशी ज्याला पहिल्यांदा हात लागेल तेच वर आणायचं. चाचपायचं नाही, निवडायचं नाही. तो वर्षभराचा एबिसू. आधीचा देवळामागच्या ढिगात जाऊन बसतो. अट एकच आहे: बुडी मारणाऱ्याचे आई-वडील दोघंही हयात हवेत.

सदुसष्ट वर्षांपूर्वी त्सुनेकिची आजोबांनी असा दगड आणला होता. मावशी आठ वर्षांची असताना तिने विचारलं, "मी कधी आणू?" तेव्हा सगळे हसले. ते हसणं ती विसरलेली नाही. मला वाटतं कोण कोण हसलं त्याची यादीही तिच्याकडे आहे.

गेल्या वर्षी गोची झाली. बुडी मारणारा रयोता नोकरीसाठी फुकुओकाला गेला. उरलेल्या होडीवाल्यांत सगळ्यात धाकटा बावन्न वर्षांचा, आणि त्याचे आई-वडील कधीच ढगांत. माझ्या वयाची मुलं गावात दोनच, दाइची आणि मी. दाइचीचे वडील वारलेत. माझे दोघंही ठणठणीत आहेत, पण मी मुलगी, त्यात मला पोहता येत नाही, आणि तरीही आईने आधीच दारोदार सांगून ठेवलं होतं, "आमच्या पोरीचं नाव काढू नका हं, तिची परीक्षेची वर्षं आहेत!" जणू एबिसू मला गणितात नापास करणार होता.

मग चेअरमननी तोडगा काढला. शहरातल्या पाथरवटाकडे ग्रॅनाइटचा एबिसू सांगितला: चकचकीत, हातात गळ, बगलेत मासा. एकदा बसवला की दर वर्षीची कटकट संपली. दुसऱ्याच मंगळवारी ते मावशीच्या खुर्चीत आडवे झाले. मी दाराशी बाकावर केस कापून घ्यायची वाट बघत बसले होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

मावशीने गळ्यापाशी वस्तरा टेकवला आणि म्हणाली, "यंदा दगड मी आणते."

चेअरमनचे डोळे फेसातून मोठे झाले. पण हलायची सोय नव्हती.

"अट काय आहे? आई-वडील हयात. माझे आहेत. दोघंही. सकाळीच लोणच्यावरून भांडत होते. ऐकायचं असेल तर चला घरी."

"म्... म्..."

"हलू नका, कापेल."

तिने गळा पुरा केला, गरम टॉवेल दाबला, काढला. चेअरमननी बसल्या बसल्या वारा ओढला. "स्सऽऽ... म्हणजे कसं आहे, हात्सुमी, त्यात तरुण असं म्हटलंय."

"आई-वडील जिवंत आहेत म्हणजे मी लेकरूच की."

"अगं, तरुण म्हणजे पुरुष!"

"कुठे लिहिलंय? दाखवा."

"लिहिलेलं काहीच नाही! सगळं तोंडीच आहे!"

"मग मीही तोंडीच सांगतेय."

"गाव हसेल तुला."

"हसू दे. देव तरी दुसरं काय करतो?"

चेअरमननी कोट चढवला आणि दारात वळून सांगितलं की वीस तारखेला सकाळी दहा वाजता ग्रॅनाइटच बसणार, समितीत ठरलंय, बुडी-बिडी कोणीही मारायची नाही. दार आपटून गेले. बल्ब थरथरला.

मावशीने माझ्या केसांना कात्री लावली. मग आरशातल्या मला म्हणाली, "बाबांना डॉक्टरांनी हा हिवाळा दिलाय, तोही खात्रीने नाही. वसंतापासून अर्धी वाटी भात खातात. 'पुरे झालं आता,' म्हणतात. ते गेले की माझा हक्कही गेला. पुढच्या वर्षी नाही जमायचं गं. यंदाच." त्या तंद्रीत तिने माझ्या कपाळावरचे केस एवढे आखूड कापले की महिनाभर मी सतत कशाने तरी दचकलेली दिसत होते.

वीस तारखेला देवळापुढे लाल-पांढरे पडदे लागले, माइक आला, ग्रॅनाइटचा एबिसू पांढऱ्या कापडाखाली नवरीसारखा उभा राहिला. साडेनऊला चेअरमन माइकवर 'स्सऽऽ' करत होते, तेवढ्यात उतारावरून चाकांचा खडखडाट ऐकू आला. पुढे मावशीच्या आई, सुए आजी, शहाऐंशी वर्षांच्या, काठी परजत. मागे मावशी, बापाची चाकाची खुर्ची ढकलत. आजोबांच्या मांडीवर घोंगडी, घोंगडीवर कोरा टॉवेल.

"कुठे चाललात?" कोणीतरी विचारलं.

"किनाऱ्यावर," मावशी म्हणाली. "रोज कुठे जाते मी?"

आधी दोन म्हाताऱ्या निघाल्या, "जरा बघून येतो," म्हणत. मग होडीवाले. मग पूजेसाठी आलेली बायकामंडळी. मी तर आधीच धावत सुटले होते. देवळापुढे चेअरमन, पाथरवट आणि माइक एवढेच उरले.

खडकावर मावशीने जुना निळा पोहण्याचा पोशाख घातला होता, त्यावर वडिलांचा पांढरा सदरा बांधला होता. आजोबांनी स्वतःच्या हातांनी तिचे डोळे बांधले. गाठ सुटली. पुन्हा बांधली. "घट्ट झालं का?" आजोबा ओरडले, कारण त्यांना स्वतःला ऐकू येत नाही.

"झालं!"

"काय?"

"झालं म्हणतेय ती, बहिऱ्या!" आजी म्हणाल्या.

मावशीने पाण्याकडे तोंड करून हात जोडले. रोजच्याच आवाजात म्हणाली, "आज मी आलेय. लांबून नाही, इथूनच." आणि बुडी मारली.

सुए आजी मोठ्याने आकडे मोजू लागल्या. तीस. एकतीस. पाण्यावर बुडबुडे आले आणि थांबले. चाळीस. आजींनी भीतीपोटी पंचेचाळिसावरून साठावर उडी मारली, कोणी दुरुस्त केलं नाही. आजोबांनी खुर्चीचे दांडे पकडले होते. आणि मग पाणी फाटलं आणि मावशी वर आली, खोकत, शिंकरत, छातीशी काहीतरी कवटाळून. दोन होडीवाल्यांनी तिला ओढून काढलं. टाळ्या पडल्या, कोणी शिट्टी मारली. तिने टॉवेल वर सरकवला आणि हातातल्या देवाकडे पाहिलं.

टाळ्या विझत गेल्या.

ते काँक्रीट होतं. नारळाएवढा तुकडा, गोल झालेला, एका बाजूला शिंपल्या चिकटलेल्या, दुसऱ्या बाजूने गंजलेल्या सळईचं टोक बाहेर आलेलं. कोणालाही सांगावं लागलं नाही की ते कुठलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी चेअरमननी किनाऱ्यावर संरक्षक भिंत बांधून घेतली. तिच्यापायी अर्धी वाळू गेली, कासवं अंडी घालायला यायची बंद झाली. मावशी तेव्हा एकटी बांधकामाच्या गाडीपुढे आडवी झोपली होती आणि हरली होती. पुढे वादळात भिंतीचं टोक तुटून समुद्रात पडलं. अजूनही ती रोज भिंतीपाशी पोचली की तोंड फिरवून चालते.

तेवढ्यात चेअरमन धापा टाकत पोचले. त्यांनी पाहिलं. वारा ओढायलाही विसरले.

"हा दगड नाहीये," ते म्हणाले.

 मावशीच्या केसांतून पाणी गळत होतं आणि ओठ निळे पडले होते. आयुष्यभर वाट पाहिली, आणि समुद्राने हातात ठेवलं ते हे.

"म्हणजे कसं आहे," चेअरमनचा आवाज एकदम मऊ झाला, "ते टाक तिकडे. आणि घाल अजून एक बुडी. माझी हरकत नाही. सगळ्यांसमोर सांगतो, परवानगी आहे तुला. चांगला काळा दगड आण, त्यालाच बसवू. ग्रॅनाइटचं बघू नंतर."

बघा हं. जे तिला हवं होतं ते सगळं चेअरमन तिच्या पायाशी ओतत होते, त्यांची तुटकी भिंत देवळात बसू नये एवढ्यासाठी. फक्त एक तुकडा पाण्यात टाकायचा. होडीवाल्यांनीही माना हलवल्या. "टाक मावशी, कोणी काही म्हणणार नाही."

मावशीने तुकडा उचलला. मला वाटलं, टाकतेय. पण ती वळली आणि तिने तो बापाच्या मांडीवर ठेवला.

"काय लागलं?" आजोबा ओरडले.

"भिंत, बाबा!"

"कोणाची?"

"चेअरमनची!"

आजोबांनी अंगठा त्याच्यावरून सावकाश फिरवला, सळईपाशी थांबले, परत फिरवला. "गोल झालीय की चांगली. माझ्या दगडाला हजार वर्षं लागली असतील. ही वीस वर्षांत झाली." मान वर करून म्हणाले, "पहिला हात हिलाच लागला?"

मावशीने ओठ चावला. "हिलाच."

"चाचपलं नाहीस?"

"नाही."

"मग मला काय विचारतेस?"

मावशी चेअरमनकडे वळली. डोळे लाल होते, ते खाऱ्या पाण्याने की कशाने ते मी सांगू शकत नाही. "मला ही भिंत डोळ्यांपुढे नको असते, चेअरमन. तुम्हाला ठाऊक आहे. पण तीस वर्षं मी रोज समुद्राला म्हणतेय, तू देशील ते घेईन. आज आवडीचं नाही म्हणून परत केलं, तर ते सगळं काय होतं? वाळूवर कचरा गोळा करत होते मी?" तिने तुकडा उचलला. "हाच एबिसू. हटा."

चेअरमन हटले. काय करणार, ती ओली होती आणि हातात काँक्रीट होतं.

देवळात ग्रॅनाइटवरचं कापड निघालेलंच नव्हतं. मावशीने तुकडा त्याच्यापुढे फळीवर ठेवला, शोचू दारू ओतली, हात जोडले आणि म्हणाली, "आलास? बरं झालं." मग आजी, मग होडीवाले, मग सगळे. सगळ्यात शेवटी चेअरमन. त्यांनी दातांतून वारा ओढला, माझा कान टवकारलेला होता, पण पुढचं 'म्हणजे कसं आहे' आलंच नाही. नुसतेच वाकले, बऱ्यापैकी खाली.

ही गोष्ट मागच्या ऑक्टोबरातली. ग्रॅनाइटचा एबिसू कोपऱ्यात आहे. मुलं त्याच्या गळावर दप्तरं अडकवतात. हिवाळा आला आणि गेला. मावशी आता भिंतीपाशी पोचली की तोंड फिरवत नाही. थांबते, तुटक्या टोकाकडे बघून दोन शिव्या देते, हात जोडते आणि पुढे जाते.

आणि त्सुनेकिची आजोबा नव्वद वर्षांचे झाले. परवा मी त्यांच्याकडे वाळवलेले मासे द्यायला गेले, तर जेवण चाललं होतं. आजींनी दुसऱ्यांदा भात वाढला. आजोबांनी वाटी रिकामी केली, गोळ्या एकापाठोपाठ एक गिळल्या, कडू तोंड केलं आणि वाटी पुढे केली.

"अजून?" आजी म्हणाल्या. "एवढं कुठे जातं?"

"वाढ गुपचूप," आजोबा ओरडले. "ऑक्टोबरपर्यंत मला मरायला वेळ नाही."