आर्लिस लाहतीच्या डोक्याचं शपथपत्र

मिनेसोटातल्या डलुथमध्ये बर्फ पडू लागला की लोक आभाळाकडे नंतर बघतात, आधी आर्लिस लाहतीकडे. शाळेच्या एकतीस बस कुठून कशा वळवायच्या, हे तिनं सव्वीस वर्षं रेडिओवरून सांगितलं. नकाशा नाही, कागद नाही. "सगळं इथं आहे," असं म्हणून ती कपाळावर बोट आपटायची आणि पुढचा अर्धा तास समोरच्याची सुटका नसायची.

निवृत्ती जवळ आल्यावर बाईंनी वर्ग लावून संगणकाची भाषा शिकून घेतली आणि एक प्रोग्रॅम लिहिला. एखाद्या बसची चाकं घसरली की खबर थेट चाकांवरून येणार आणि अर्ध्या मिनिटात उरलेल्या तीस बसचे रस्ते नव्यानं ठरणार. पेटंटसाठी अर्ज गेला. वकील प्रूइट नको नको म्हणत असताना तिनं पहिल्याच परिच्छेदात घातलं, की हे काम मी सव्वीस वर्षं डोक्यात करत आले आहे.

व्हर्जिनियातल्या पेटंट कार्यालयातून नकार आला. तपासनीस तेस्फाये यांनी तिचंच वाक्य अवतरणात घालून परत पाठवलं होतं. माणूस जे डोक्यात करू शकतो ती नुसती कल्पना. तिला पेटंट नाही, संगणकावर चढवली तरी नाही.

नवरा ड्वेन ओव्हनमधून रात्रीच्या जेवणाची हॉटडिश काढत म्हणाला, "तुझी बढाई इतकी वर्षं मी ऐकली. आज सरकारनंही ऐकली."

"तू जेव," आर्लिस म्हणाली.

प्रूइटनं चाचरत एक वाट सुचवली: हे काम डोक्याला जमतच नव्हतं, असं दाखवून द्यायचं. डेपोत जुन्या नोंदी होत्या. आर्लिसनं आपल्या सगळ्यात गाजलेल्या हिमवादळाची सकाळ प्रोग्रॅमला घातली. तीन लग्नांत सांगितलेली सकाळ. प्रोग्रॅमच्या हिशेबानं एकतीसपैकी एकोणीस बस तिनं चुकीच्या वळवल्या होत्या. चौदा नंबरच्या बसची पोरं उणे बावीस अंशांत चाळीस मिनिटं उभी होती. बाई दोन दिवस कपाळाला हात लावून बसली.

"लाहतीबाई, हे शपथेवर लिहून द्यावं लागेल," प्रूइट म्हणाला. "आणि ते कुणालाही वाचता येतं."

"वाचू दे. डोकं माझं आहे. मी त्याला मखरात बसवीन नाहीतर चव्हाट्यावर आणीन."

सही करून एक प्रत तिनं स्वतःच डेपोच्या दारावर चिकटवली. म्हातारा ड्रायव्हर लेस्टर शेवटपर्यंत वाचून म्हणाला, की त्याला पहिल्या वर्षापासूनच शंका होती. मग बोलला का नाहीस, असं तिनं विचारलं.

"तू ओरडत होतीस."

सुनावणीला तेस्फाये संगणकाच्या पडद्यावर दिसले ते अगदी सभ्य गृहस्थ. त्यांनी विचारलं, "मग बाई, सव्वीस वर्षं बस चालल्या कशा?"

"अंदाजपंचे. मी एवढ्या खात्रीनं ओरडायचे, की ड्रायव्हरांना ते खरं वाटायचं. मलाही वाटायचं. याला तुमचा कायदा डोक्यानं केलेलं काम म्हणत असेल, तर माझा अर्ज फेकून द्या. मात्र चौदा नंबरच्या पोरांना तसं पत्र तुम्ही लिहायचं."

तेस्फाये बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले.

दोन महिन्यांनी उत्तर आलं: डोक्याचा आक्षेप मागे. मात्र खाली नवा आक्षेप होता, असंच काहीसं पूर्वी कुणीतरी केलं आहे.

"कुणी?" आर्लिसनं विचारलं.

प्रूइटनं घसा साफ केला. "विस्कॉन्सिनच्या एका गृहस्थानं."

त्या गृहस्थाचे कागद वाचायला ड्वेननं तिचा चष्मा आणून दिला. शेजारच्या विस्कॉन्सिनकडून हार खायची तर मिनेसोटात राहायचं कशाला?