बाबांसाठी घेतलेला वास

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅबमध्ये होते. ड्रायव्हरने विचारलं, "मॅडम, सब ठीक?" आणि माझा बांध फुटला. सासऱ्यांसाठी सून इतकी का रडते, हे त्याला काय सांगणार होते...

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये बाबांनी उभी नोकरी काढली. तिथे विलायती बाटली म्हणजे कुणी दौऱ्यावरून आणली तरच, आणि चौघांत मिळून एकेक घोट. निवृत्तीनंतर ते आणि आई आमच्याकडे गुरुग्रामला आले, तर समोरच्या मॉलमध्येच बाटल्यांच्या रांगा! पण तोवर स्कूटरवरून पडून बाबांच्या डोक्याला मार बसला होता आणि वास येणं कायमचं बंद झालं होतं. एवढा खवय्या माणूस, नुसता पोट भरायचा. तक्रार मात्र कधी केली नाही.

एका दिवाळीला माझ्या नवऱ्याने धुरकट वासाची स्कॉच आणली. राय नावाच्या धान्याची व्हिस्की ज्या पिंपांत आधी ठेवलेली, त्याच पिंपांत मुरवलेली. बाबांनी पहिला ग्लास माझ्यापुढे सरकवला. "सूनबाई, तू वास घे आणि मला सांग." तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई ओरडल्या, "अगं, कुठेतरी वायर जळतेय!" त्यांनी इलेक्ट्रिशियनलाही बोलावलं. बिचारा सगळी बटणं तपासून गेला, आणि आम्ही दोघं हसू दाबत बसलो.

मग मी सांगत गेले. आधी धूर... मग दवाखान्यातलं आयोडीन. चमचाभर पाणी घातल्यावर मिरी, दालचिनी. "आणि गोडसर, करपलेलं... भुट्टा भाजतात ना, तसं." बाबांनी घोट घेऊन डोळे मिटले. "बिल्कुल! आमच्या बसस्टॉपवरचा भुट्टेवाला. आला बघ!" खरंच आला की माझं मन राखलं, देव जाणे.

पुढे दर शनिवारी आमची बैठक ठरलेली. माहेरी मला काय वाटतं, हे कुणी विचारायचं नाही. या माणसाने विचारलं, आणि माझ्या शब्दावर भरवसा ठेवून घोट घेतला. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

तेराव्यानंतरच्या शनिवारी मी ग्लास घेऊन बसले खरी, पण सांगणार कोणाला? आई आल्या आणि बाबांच्या खुर्चीत बसल्या. त्यांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही.

"तू यांना सांगायचीस ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी नळ बंद करून ऐकायचे. सांग की."