डावीकडून चौथे

आबांचा, माझ्या वडलांचा, चालतानाचा एकही व्हिडिओ आमच्या घरात नाही. फोटो आहेत, पण सगळे ताठ उभे, श्वास रोखून काढलेले. त्यामुळे आबा गेल्यावर चार महिन्यांनी तो सिनेमा लागला, तेव्हा त्यातले चालते आबा बघायचेच, असं आईनं मनात धरलं. सिनेमा भुतांचा होता आणि आबा त्यात मुडदा झाले होते.

आमचं गाव मेढ्याजवळ, डोंगरात. आदल्या हिवाळ्यात शूटिंगवाले तिथं आले. ग्रहणाच्या दिवशी जगातले सगळे मेलेले उठतात आणि जग बुडतं, अशी काहीतरी गोष्ट होती. उठायला लागणारे मेलेले त्यांनी गावातूनच उचलले. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, रोज पहाटे उठून दाढी करणारे आमचे आबा असल्या भानगडीत पडतील असं मला वाटलं नव्हतं. पण गेले. संध्याकाळी तोंडाला राख फासूनच घरी आले, तर आईनं दारात अडवलं. मयताहून आल्यासारखी परसात आंघोळ करायला लावली आणि मगच आत घेतलं.

"जित्या माणसानं असलं सोंग घिऊ न्हाई," ती करवादली.

आबा अंगावर तांब्या ओतत हसत होते. "आगं, लय सोपं काम हाय. चाल म्हटलं की चालायचं, पड म्हटलं की पडायचं. फौजंत तरी दुसरं काय केलं?"

त्यानंतरच्या उन्हाळ्यात खालच्या शेतात आंब्याच्या रोपांना पाणी घालायला म्हणून गेले, ते बांधावरच गेले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. आई तेव्हा जतला होती, आजारी बहिणीपाशी. ती पोचली तेव्हा आबा चादरीखाली होते. तेव्हापासून तिचं एकच चाललं होतं. "कसं पडलं असतील गं? डोस्कं आपटलं असंल. जवळ कुनी न्हवतं." जेवताना, दळण निवडताना, फोनवर, तेच. मी सांगलीत शाळेत शिकवते. तिथून रोज तिला समजावायची आणि फोन ठेवल्यावर चिडायची. तिच्यावर नाही; मला उत्तर माहीत नव्हतं म्हणून.

सिनेमा आधी मी एकटीच सांगलीत बघून आले. वाईट सिनेमांचा मला राग येतो, आणि हा तर धड वाईटही नव्हता, नुसताच रडका होता. आभाळातून तारे फुटाण्यासारखे पडत होते. भूत पडद्यावर यायच्या आधी एवढं संगीत वाजायचं की आत्ता येणार हे शेंबड्या पोरालाही कळावं. पहिल्या वीस मिनिटांतच लोकांनी घाबरायचा नाद सोडला आणि करमणूक आपल्या हातात घेतली.

"समदं जग बुडालं, पर हिरॉईनची टिकली न्हाई हलली!"

"भुतं हायती का लग्नाची वरात?"

मीही हसले. मग घाटातून मुडद्यांची रांग उतरू लागली. सगळे माना टाकून, पाय ओढत, कसेही वाकडेतिकडे. आणि त्यांत डावीकडून चौथे आबा. मान खाली घातलेली, पण पाय? पाय तालात पडत होते. डावा, उजवा. हात खांद्यापासून हलत होते. इतकी वर्षं कवायत केलेल्या माणसाला वाकडं चालता आलं नव्हतं.

"आरं त्यो म्हातारा बघ, परेड करतोय!" कुणीतरी ओरडलं, आणि अख्खं थिएटर फुटलं. काहींनी टाळ्यांवर ताल धरला, लेफ्ट राईट, लेफ्ट राईट. मला तिथं बसवेना. मध्यंतरापर्यंतही न थांबता मी बाहेर पडले आणि रस्त्यावर उभी राहून रडले.

आईचा फोन आलाच. "दिसलं का?"

खोटं बोलता आलं असतं. "दिसले," म्हणाले. "पण सिनेमा अगदी टुकार आहे गं, कशाला येतेस?"

"मला शिनेमा कुटं बघायचाय?"

गुरुवारी, सिनेमा उतरायच्या आदल्या दिवशी, आम्ही एसटीनं साताऱ्याला गेलो. दुपारचा खेळ. आत पंधराएक माणसं होती. आमच्या मागं तीन रांगा सोडून महाबळेश्वरच्या टॅक्सीवाल्यांचं टोळकं बसलं होतं, गिऱ्हाईक येईपर्यंत वेळ काढायला आलेलं. सिनेमा सुरू झाला तशी त्यांची टिंगलही सुरू झाली. मी मनात त्यांच्या हातापाया पडत होते, त्या जागी तरी गप्प बसा रे.

रांग उतरली. आई पुढं झुकली. "आलं," एवढंच म्हणाली. आणि मागून हशा आला. "लेफ्ट राईट!"

आई उठून उभी राहिली आणि मागं वळली. तिचा आवाज चढला नव्हता. "आवं, हसू नगा. आमचं मालक हाईत त्ये. उन्हाळ्यात गेलं."

मी तिला खाली बसवलं. तोवर रांग निघून गेली होती. त्या बोलण्यापायी तिचे अर्धे आबा हुकले होते.

मध्यंतरात त्यांच्यातला एक चहाचे दोन कप घेऊन आला. चाळिशीचा असेल. "मावशी, चुकलं आमचं. फौजंत व्हतं का?"

"व्हय."

"चालीवरनंच कळतंय." तो थोडा घुटमळला. "कितवं व्हतं?"

"डावीकडनं चौथं."

दिवे गेल्यावर ते सगळे आमच्या मागच्याच रांगेत येऊन बसले. मध्यंतरानंतरचा भाग आधीपेक्षा भिकार होता, पण कुणी हूं की चूं केलं नाही. शेवटी नायकानं समई उंचावली आणि माळावर सगळे मुडदे पुन्हा गोळा झाले.

"मावशी, डावीकडं! झाडाखाली, झाडाखाली बघा!"

समईचा उजेड पडला की सगळ्यांनी मरून पडायचं होतं. लोकांनी धडाधड अंगं टाकली. आबांनी नाही. त्यांनी आधी गुडघ्यावर हात ठेवला, सावकाश खाली बसले, तळहातानं खडे बाजूला सारले, हात टेकवला आणि मग कुशीवर आडवे झाले. दुपारी जेवल्यावर ओसरीवर व्हायचे, अगदी तसे. दिग्दर्शकानं कापायला हवी होती अशी ती ढळढळीत चूक होती. सांगलीत या जागी नक्की हशा झाला असणार. इथं मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं.

आईनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. पडद्यावर अक्षरं वर सरकू लागली, दिवे लागले, झाडूवाली बाई आत आली, तरी तिनं ते सोडलं नाही.

"आपटलं न्हाईत गं," ती म्हणाली. "आदी बसलं असतील. हात टेकून निजलं असतील."

"हो आई," मी म्हणाले.