इक्बालभाईंचा सिनेमा आणि शेटची शाल

इक्बालभाई गेल्याचं मला कळलं ते इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. दुबई मरीनातल्या ऑफिसातून निघून शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. फोनवर गुलाबाचं चित्र, खाली पेटती मेणबत्ती आणि 'आपले लाडके इक्बालभाई'. शिसारी आली मला. याच ग्रुपमधून या लाडक्या माणसाला काढून टाकलं होतं, आणि ज्यानं काढलं त्या सेक्रेटरीनंच ती मेणबत्ती टाकली होती.

इक्बालभाई मूळचे दापोलीकडचे. दूर अबुधाबीकडे, रुवैसला रिफायनरीत सेफ्टीचं काम. आठवडाभर तिकडे, शुक्रवारी संध्याकाळी शारजाला, अल नहदातल्या घरी. आमचा मजला एकच. शनिवारी चहाच्या वेळी त्यांच्या हॉलमध्ये आम्ही तीन-चार कुटुंबं जमायचो, रेहानाभाभींची सांदणं खायचो आणि पुन्हा पुन्हा तोच जुना कृष्णधवल अमेरिकन सिनेमा बघायचो. तिकडच्या केंद्र सरकारच्या पहिल्यावहिल्या पोलिसांचा. त्यांना सुरुवातीला पिस्तूलसुद्धा बाळगता येत नव्हतं, आणि समोर मशीनगनवाले गुंड. आमच्या मंडळींना गुंडच आवडायचे. काय तो सूट, काय ती गाडी! पोरं तर सरळ म्हणायची, "ही इज सो कूल." इक्बालभाई वैतागायचे. गोळीबार आला की सिनेमा पुढे ढकलायचे आणि घाबरलेला दुकानदार साक्ष द्यायला उभा राहतो तिथे नेऊन थांबवायचे. "बंदूक नंतर आली रे सुहास," मला म्हणायचे, "आधी कुणीतरी तोंड उघडलं."

मला वाटायचं, असतो एकेकाला नाद... मग शेटचं प्रकरण झालं. शेट आमच्यातलाच, नाव घेऊन तोंड विटाळत नाही. गणपतीला भरघोस वर्गणी, ईदला सगळ्यांना बिर्याणी, त्यामुळे मंडळात पहिली खुर्ची त्याची. आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर त्यानं एक फ्लॅट घेतला होता. गावाकडून घरकामासाठी आणलेल्या बायका तिथे ठेवायचा, त्यांचे पासपोर्ट काढून घ्यायचा आणि दाराला बाहेरून कुलूप. सगळ्या बिल्डिंगला कुणकुण होती. एका शनिवारी त्या दाराआडून मंडणगडच्या एका पोरीचं रडणं ऐकलं आणि इक्बालभाईंनी पोलिसांना बोलावलं. नंतर ठाण्यात जाऊन स्वतःच्या नावानिशी जबाब दिला. बायका सुटल्या, आपापल्या घरी गेल्या. शेटनं सगळं आपल्या मॅनेजरवर ढकललं आणि थोड्या महिन्यांत पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसला. आणि आमचे लोक? त्यांनी इक्बालभाईंना वाळीत टाकलं. म्हणे आपल्याच माणसाला पोलिसांत दिला! लिफ्टमध्ये भेटले तर तोंड फिरवायचे. शनिवारी चहाला मी आणि माझी बायको, दोघंच उरलो. इक्बालभाई तरीही दर शनिवारी सिनेमा लावायचे. भाभींच्या मात्र ते जिव्हारी लागलं. आपला नवरा चहाडखोर ठरला, हे त्यांना गिळवत नव्हतं.

ते गेल्यानंतर काही आठवड्यांनी मंडळानं श्रद्धांजली ठेवली, 'त्यांच्या आवडत्या सिनेमासह'. भाभी इद्दतमध्ये, नवरा गेल्यावर बाई चार-साडेचार महिने घराबाहेर पडत नाही. इतकी वर्षं शेजारी राहून एवढंही कुणाला सुचलं नाही. स्टेजवर भाभींच्या नावाची खुर्ची मांडून मोकळे! भाभींनी मुलीला, नाझियाला पाठवलं. मला फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, हारतुरे नकोत. त्या पोरींसाठी ते उभे राहिले, एवढं या लोकांसमोर एकदा कुणीतरी बोलू दे."

हॉलमध्ये शिरलो तर पहिल्या रांगेत शेट. अत्तर लावून. सेक्रेटरीनं मला दारातच गाठलं आणि सांगितलं की दोन मिनिटं बोला, पण तो विषय नको, बिर्याणी शेटकडूनच आहे. मग सिनेमा लागला. वेळेत बसावा म्हणून यांनी तो कापून आणला होता, आणि ठेवलं काय, तर नुसता गोळीबार. साक्ष देणारा दुकानदार गायब! पोरं टाळ्या पिटत होती. माझी पाळी आली. 'खालच्या मजल्यावरचा तो फ्लॅट' एवढं मी म्हणतोय तोवर सेक्रेटरीनं वेळ संपली म्हणून माईक काढून घेतला. निर्लज्ज मेले.

मग भाभींच्या खुर्चीवर नाझियाला बसवलं आणि शेट शाल घेऊन स्टेजवर आला. नाझिया माझ्या मराठीलाही कायम इंग्रजीत उत्तर देणारी पोरगी. तिनं दोन्ही हात मागे घेतले आणि माईकशिवायच बोलली, अगदी सावकाश, मराठीत.

"काका, त्या बायकांना तुम्ही कोंडून ठेवलं होतं. अब्बांनी पोलिसांना तेच सांगितलं. तुमची शाल मला नको."

शेट हसला, बच्ची आहे म्हणाला. सेक्रेटरीनं घाईघाईनं 'यल्ला, चला, जेवून घ्या, गरम आहे' अशी घोषणा केली... आणि लोक उठले हो. माना खाली घालून का होईना, पण उठले आणि प्लेटा घेऊन रांगेत उभे राहिले. मी नाझियाला घेऊन बाहेर पडलो.

त्यांच्या घरी पोचलो तेव्हा भाभी इद्दतमुळे आतल्या खोलीत, पडद्याआड होत्या. तिथूनच विचारलं, "बोललं का कुणी?"

"मी बोलले," नाझिया म्हणाली.

"आणि लोक?"

"जेवायला गेले."

मग भाभींनी विचारलं, "तू खाल्लंस तिथलं?"

"नाही, अम्मी."

"बरं केलंस. भाऊजींना बसायला सांग. भात टाकते."

इक्बालभाई टीव्हीसमोर खाली, भिंतीला पाठ टेकून बसायचे. ती जागा मोकळी ठेवून नाझिया आणि मी शेजारी बसलो आणि पोटभर जेवलो.