कोशांच्या डब्यात राख

एम.एस्सी.ला मी प्राणिशास्त्र घेतलं आणि नशिबी आले झोपलेले किडे. पतंगाचे चाळीस कोश, चिंचोक्याएवढे. महिनोन्महिने खात नाहीत, पीत नाहीत, तरी सुकत नाहीत, कारण अंगावर मेणाचा पातळ थर असतो आणि आतलं पाणी आतच राहतं. मी रोज त्यांचं वजन करून वहीत लिहायचं. ह्याला संशोधन म्हणतात.

कॉलेजच्या लॅबमध्ये उंदरांचं राज्य, म्हणून कोश बोरिवलीला घरी आणले आणि स्टीलच्या डब्यात घालून स्वयंपाकघरात कुळथाशेजारी ठेवले. आईला सांगायचं राहिलं. खरं तर टाळलं. तिने डब्यासकट मला बाहेर काढलं असतं.

दोन दिवस मुलुंडला मैत्रिणीकडे राहून आले, डबा उघडला, तर आत राख. गावावरून आंब्यांसोबत चुलीची राख येते, आई ती कडधान्यात घालते.

"आई, काय केलंस तू हे?"

"कीड पडलेली त्यात. राख घालून डबो बरो हलवलंय."

"अगं, माझं अख्खं वर्ष होतं त्यात."

"मगे कुळथाच्या बाजूक कित्याक ठेवलंस?"

मी ढसाढसा रडले. आठवड्याभरात कोश चुरमुऱ्यासारखे हलके झाले. शेवटी नाक पुसत विचारलं, राखेने असं होतं तरी काय?

"राख किड्याची कातडी खरवडता, मगे तो सुकान मरता. ह्या कॉलेजात शिकवणत नाय?"

नाही शिकवत. मी नवे कोश आणले, अर्धे राखेत घोळवले, अर्धे तसेच ठेवले आणि प्रबंधाचा विषयच बदलून टाकला. गाईड सर खूश. "कल्पना सुचली कशी?" मी म्हटलं, "वाचनातून." फर्स्ट क्लास मिळाला.

बांधून आलेला प्रबंध आईच्या हातात दिला. सगळा इंग्रजीत, फक्त आभाराचं पान मी ऐटीत मराठीत लिहिलं होतं. ओळीखाली बोट धरून तिने ते वाचलं. गाईड सर, लॅबचा शिपाई, मुलुंडची मैत्रीण, कॅन्टीनचा चहावालासुद्धा. खालपर्यंत पोचल्यावर तिने पान उलटलं, मागची कोरी बाजू बघितली आणि म्हणाली, "बरा लिवलंस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.