सोआझाराची नजर

मादागास्करच्या त्या गावात सोआझाराच्या नजरेचा दबदबा होता. पलीकडच्या टेकडीवरून कोण येतंय, ते ती नुसत्या चालीवरून सांगायची. पण पंचेचाळिशी उलटली आणि हातातलंच दिसेनासं झालं. व्हॅनिलाचं फूल लांब धरधरून बघावं लागे. ही गोष्ट तिनं कुणाला कळू दिली नाही. बाईचा ताठा मोठा.

तिथं प्रत्येक घर व्हॅनिलाच्या हिरव्या शेंगांवर सुईनं आपली टिंबं टोचतं. सोआझाराची पाच, शेजारच्या तोतोझाफीची सहा. चोरीचा संशय आला तर ज्याचा माल गेला त्यानंच खूण वाचायची, दुसऱ्यानं तोंड घालायचं नाही, असा रिवाज.

त्या वर्षी तिच्या मळ्यात चोरी झाली. दुसऱ्याच दिवशी कच्च्या शेंगांचं पोतं घेऊन निघालेल्या तोतोझाफीला गावकऱ्यांनी धरून तिच्या दारात आणलं.

“माझ्याच आहेत गं, नेनी!” तिथं थोरल्या बाईला नेनीच म्हणतात, म्हणजे आई. “चोरांच्या भीतीनं आधीच तोडल्या. सहा टिंबं आहेत, मोज की!”

“मोज, नेनी,” मुखिया म्हणाला. “तुझ्या नजरेपुढं खोटं बोलायची कुणाची टाप आहे?”

तिनं शेंग घेतली, हात लांब केला. हात संपला, पण टिंबं काही सुटी होईनात. ‘दिसत नाही’ एवढं म्हणणं जिवावर आलं. काल चोरी, आज पोतं, आणखी काय बघायचं?

“माझीच,” ती म्हणाली.

तोतोझाफीला नदीकडे नेलं. तो परत आला नाही. पोतं सोआझाराला मिळालं.

चार महिन्यांनी दवाखान्याची बाई चष्म्यांची पेटी घेऊन आली.

“जवळचं बघताना डोळ्यातलं भिंग फुगतं. वय झालं की ते ताठर होतं, फुगत नाही. सगळ्यांचंच होतं, नेनी, त्यात लाज कसली? हा घाला, आणि जवळचं काहीतरी बघा.”

सोआझारानं वासासाठी लुगड्यात खोचलेली, त्याच पोत्यातली वाळकी शेंग काढली. टिंबं वाळल्यावरही राहतात. तिनं नखानं मोजली. पुन्हा मोजली. सहा.

“दिसतंय ना?”

“दिसतंय.”

तिनं मान वर केली. रांगेत कुणीतरी उभं होतं, काचेतून नुसतं धुरकट. आवाज मात्र तोतोझाफीच्या बायकोचा होता. “झालं असेल तर सरक की.”

“लांबचं बघताना चष्मा काढायचा हं, नेनी,” दवाखान्याची बाई म्हणाली.

सोआझारानं तो काढला नाही.