सातवी पास बी.ए.

ते प्रकरण आठवलं की अजून छाती फुगते. साठच्या दशकात मी मालवणात फौजदार होतो. एक दिवस टपालानं निनावी अर्ज आला: 'तुमच्या ठाण्यातल्या, देवबागच्या नव्या शिपायानं शिक्षणाची खोटी माहिती देऊन नोकरी मिळवली. चौकशी व्हावी.'

निनावी अर्जांचा मला तिटकारा. पण आवक वहीत नोंद झाली म्हणजे चौकशी आलीच. शिपायाला समोर उभं केलं.

"सातवी पासचा दाखला खरा?"

"खरा, साहेब."

"मग लपवतोस काय?"

मान खाली. पाऊण तास दरडावलं, ढिम्म. चोर इतका वेळ गप्प बसत नाही, काहीतरी थापा मारतो. हा शरमेनं गप्प होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीनं देवबाग गाठलं. त्याची आई अंगणात बांगडे सुकवत होती. माझा गणवेश पाहून घाबरेल म्हटलं, तर बाई हरखलीच! आत नेऊन भिंतीवरचा फोटो दाखवला. पदवीदानाच्या झग्यात आमचा शिपाई!

"ह्यो माझो झिल! बी.ए. झालो. साहेबानू, आता तेच्या हाताखाली किती पोलीस आसत?"

घ्या! पुरावा आईनंच हातात दिला. "बरेच आसत," मी म्हणालो. सबंध नोकरीत दिलेली ही एकच खोटी जबानी.

ठाण्यात परतल्यावर त्याला बसायला खुर्ची दिली, तेव्हा तो बोलला.

"चार कचेऱ्यांत पदवी दाखवली, साहेब. कारकुनाच्या जागेला म्हणाले, बी.ए. ढिगानं आलेत. शिपायाच्या जागेला म्हणाले, तू टिकणार नाहीस. इथे दाखवलीच नाही. आईला मात्र साहेब झालो म्हणून सांगितलं."

मी मॅट्रिकवर फौजदार झालेला माणूस. भयंकर राग आला, पण त्याचा नव्हे. वरिष्ठांना अहवाल लिहिला: 'इसम जास्त शिकलेला आढळला. सरकारचं यात नुकसान नाही.' मला खरमरीत शेरा आला, पण त्याची नोकरी वाचली.

आठवड्यानं त्याची आई टोपली घेऊन थेट ठाण्यावर आली. हा दारात पहाऱ्याला, अर्ध्या चड्डीत, खांद्याला बंदूक. त्याचा चेहरा पांढराफटक पडला, माझंही धाबं दणाणलं. बाईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्याकडे वळली.

"साहेबानू, खोटा सांगलात तुमी." मग डोळे पुसत म्हणाली, "पण उभो कसो ताठ आसा बघा!"

पदवीला बाजारात विचारत नाहीत म्हणून ती मिळवणारा हलका होत नाही, हे मला त्या बाईनं शिकवलं.

पहाऱ्यावरच्या शिपायानं हलायचं नसतं. तो हलला नाही. मीच पुढे झालो, त्याची बंदूक घेतली, त्याच्या जागी उभा राहिलो आणि म्हटलं, "जा, आईच्या पाया पड."